डावी चप्पल

गल्लीतली माणसं त्यांना ‘फोटोवाल्या बाई’ म्हणत, म्हणून आपणही बाईच म्हणू. त्यांचा स्टुडिओ पहिल्या मजल्यावर होता आणि खाली इस्त्रीचं दुकान. वर फोटोला निघालेली निम्मी माणसं जिन्यापाशी थबकत, स्वतःच्या शर्टाकडे बघत आणि मुकाट्याने दुकानात वळत. त्यामुळे इस्त्रीवाला स्वतःला या धंद्यातला भागीदार समजे, आणि कुणाचा फोटो झकास निघाला की त्यात आपलाही हात आहे असं येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवी.

बाई माणसांचे फोटो काढत. एका वेळी एकच माणूस, एकच स्टूल, मागे राखाडी पडदा. लग्नसमारंभाचं काम त्या घेत नसत. कुणी फारच गळ घातली तर लग्नाला जात, पण कॅमेरा घरी ठेवून, पोटभर जेवायला. हल्ली जो तो खिशातून फोन काढून स्वतःचाच चेहरा टिपत बसतो, तरीही लोक जिना चढून बाईंकडे येत. कारण बाईंच्या फोटोतल्या माणसाच्या चेहऱ्यावर एक वेगळीच गंमत असे. नजर कॅमेऱ्याच्या जरा खाली झुकलेली, आणि ओठांवर हसू निघालेलं पण अजून पोचायचं राहिलेलं. या माणसाला आत्ताच काहीतरी कळलंय आणि ते तो आपल्याला सांगणार नाही, असं वाटायचं.

या गमतीबद्दल बाईंना एक मोठा पुरस्कारही मिळाला होता. तरुण फोटोग्राफरांपुढे चार शब्द बोलायला बोलावलं की बाई सांगत, ‘मी काही करत नाही. मी फक्त वाट बघते.’ एवढं बोलून त्या जरा थांबत, म्हणजे पोरांना ते लिहून घेता यावं. हे वाक्य त्यांना स्वतःलाही फार आवडायचं.

आता बाईंचे यजमान. त्यांना गिऱ्हाइकं ‘काका’ म्हणत. काका पूर्वी छापखान्यात होते, रंग जुळवण्याचं काम करायचे. छापखाना बंद पडला तेव्हा ‘तात्पुरतं येतो तुझ्या मदतीला’ म्हणून स्टुडिओत आले आणि तिथलेच झाले. त्यांची कामं दोन. गिऱ्हाईक यायच्या आधी स्वतः स्टुलावर बसायचं, म्हणजे बाईंना दिवे लावून सावल्या बघता येत. आणि गिऱ्हाईक आलं की स्टूल त्याला देऊन, चकचकीत कापडाचा तो मोठा गोल रिफ्लेक्टर हातात धरून त्याच्या बाजूला उभं राहायचं, म्हणजे हनुवटीखाली उजेड पोचे. उभ्या उभ्या ते गिऱ्हाइकाशी हळू आवाजात काहीतरी पुटपुटत. बाईंना ते ऐकू येत नसे, आणि सावल्या बघत असताना बाईंच्या कानाशी ढोल वाजवला असता तरी तोही ऐकू आला नसता. एकदा त्यांनी विचारलं होतं तेव्हा काका म्हणाले होते, ‘काही नाही, मान जरा वर करा म्हणतो.’

पहिलं काम काका इतकं चोख करत की बघत राहावं. सुरुवातीलाच बाईंनी बजावलं होतं की स्टुलावर चेहरा हलवायचा नाही, आणि हसायचं तर मुळीच नाही, कारण हसलं की गाल वर येतो आणि नाकाखालची सावली बदलते. काकांनी ते मनावर घेतलं. स्टुलावर टेकले की चेहऱ्यावरचं सगळं आवरून ठेवत. बाई दोन-चार फोटो काढत, सावली बघत, दिवा इकडचा तिकडे करत आणि ते फोटो तिथल्या तिथे पुसून टाकत. कामाचे नव्हतेच ते.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना काकांच्या उजव्या कानाखाली एक गाठ लागली.

डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि गाठ वाईट नाही, पण काढायला हवी असं सांगितलं. मग त्यांनी कागदावर चेहरा काढून दाखवला. ओठ, गाल, पापणी हलवणारी शीर नेमकी त्या गाठीतून जाते. आम्ही जपूनच काढू, पण ती बाजू ढिली पडू शकते, आणि पडली तर कदाचित कायमची. काकांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं की बोलता येईल ना. येईल, पण थोडं अस्पष्ट, असं डॉक्टर म्हणाले. परतताना रिक्षात काका म्हणाले की अर्धं हसू गेलं तर अर्धं उरेल, आणि माझ्यासारख्याला तेवढं पुष्कळ आहे. बाई बाहेर बघत राहिल्या.

घरी आल्यावर मुलीला फोन केला. मुलगी दुसऱ्या शहरात नोकरीला. तिने आधी धीराच्या चार गोष्टी सांगितल्या, मग म्हणाली, “आई, बाबांचा एक हसरा फोटो पाठव ना.”

बाई ‘हो’ म्हणून शोधायला बसल्या आणि त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. एक फोटो नव्हता. लग्नातल्या फोटोत काका घाबरलेले होते. बाकीच्यांत ते कुणाच्या तरी मागे होते, कुठे पिशव्या धरून, कुठे ताट धरून, कुठे नुसती पाठ. गावातल्या शेकडो माणसांचं हसू बाईंच्या कपाटात जपून ठेवलेलं होतं आणि घरच्या माणसाचं नव्हतं. बाईंना स्वतःची भयंकर चीड आली. ऑपरेशनला अजून आठवडा होता. तोवर आपल्याला हा फोटो काढायचाच आहे, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं.

तुम्ही म्हणाल, त्यात काय अवघड? घरात हसत नव्हते का काका? हसत होते की. वर्तमानपत्र वाचताना हसत, इस्त्रीवाल्याच्या थापा ऐकून हसत. पण बाईंनी फोन जरी वर उचलला तरी त्या हालचालीने काकांचा चेहरा आपोआप स्टुलावर जाऊन बसे. दाढी करताना बघितलं, चहा पिताना बघितलं, खुर्चीत डुलक्या काढताना सुद्धा बघितलं. कॅमेऱ्याची चाहूल लागली की सगळं आवरून तयार.

शेवटी बाईंनी त्यांना रीतसर स्टुडिओत बसवलं. दिवे लावले, गिऱ्हाइकांवर चालणाऱ्या सगळ्या युक्त्या बाहेर काढल्या. पण त्या युक्त्या काकांनी इतकी वर्षं बाजूला उभं राहून ऐकल्या होत्या. बाईंनी पहिल्या नोकरीबद्दल विचारायला तोंड उघडलं तर त्यांनी उत्तरच दिलं. डोळे मिटायला सांगणार, तोच ते मिटून बसलेले होते. बाईंनी विनोद सांगितला तर काकांनी शेवट आधी सांगून टाकला. हसायचा प्रयत्नही त्यांनी मनापासून केला, पण जे काही आलं ते दात दुखणाऱ्या माणसासारखं होतं.

“तुम्हाला साधं हसता येत नाही का हो?” बाई वैतागून म्हणाल्या.

“तूच तर नको म्हणाली होतीस,” काका म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. एखाद्याने घड्याळात किती वाजले ते सांगावं तसं सांगितलं त्यांनी.

बाईंनी दिवे बंद केले आणि वायर गुंडाळत जमिनीवर बसून राहिल्या. गुंडाळून झाली तरी पुन्हा सोडून पुन्हा गुंडाळली. काकांनी खाली जाऊन चहा सांगितला.

दुसऱ्या दिवशी एका शाळेच्या मोठ्या बाई फोटोला यायच्या होत्या. त्या निवृत्त होत होत्या आणि त्यांचा फोटो शाळेच्या सभागृहात लागणार होता. काम आधीचं ठरलेलं, रद्द करता येत नव्हतं. मोठ्या बाई आल्या त्या अशा, की इस्त्रीवाल्यालाही त्यांच्या साडीत खोट काढता आली नाही. स्टुलावर बसल्या आणि समोर बघू लागल्या. त्या नजरेपुढे भलीभली पोरं खोटं बोलायची थांबली असतील. फोटो मात्र त्या नजरेत अडकून बसला होता.

काका रिफ्लेक्टर घेऊन बाजूला उभे राहिले. एरवी बाईंचा डोळा कॅमेऱ्याला चिकटलेला असे. पण गेले काही दिवस त्या काकांच्या चेहऱ्याचाच ध्यास घेऊन बसल्या होत्या, म्हणून त्यांनी डोळा काढून वर बघितलं. काका वाकले आणि मोठ्या बाईंच्या कानाशी काहीतरी पुटपुटले. मोठ्या बाईंची नजर कॅमेऱ्याच्या खाली गेली. ओठ हलले. आणि त्यांच्याकडे बघत असलेले काका हसले.

तेच हसू. डोळे बारीक झालेले, गाठीसकट उजवा गाल वर गेलेला, चोरून काहीतरी खाल्ल्यासारखा सगळा चेहरा खूश. बाई बघतच राहिल्या आणि बटण दाबायचं विसरून गेल्या. असं त्यांच्याकडून कधी झालं नव्हतं. मोठ्या बाईंचं हसू आलं आणि गेलं. ‘झाला का?’ असं त्यांनी विचारल्यावर बाई भानावर आल्या आणि अजून एक घेऊ म्हणाल्या. काका पुन्हा वाकले. या खेपेला फोटो मिळाला.

जिन्यापर्यंत सोडायला गेलेल्या बाईंनी हळूच विचारलं की आमचे हे तुम्हाला काय म्हणाले.

“ते सांगायचं नाही असं आमचं ठरलंय,” मोठ्या बाई म्हणाल्या. बाईंच्या पायांकडे एकदा बघून त्या जिना उतरून गेल्या.

बाई आत आल्या आणि भिंतीवरच्या फोटोंपुढे उभ्या राहिल्या. वकील, गवंडी, नर्स, रेडिओवर बातम्या देणारा, सगळ्यांची नजर जरा खाली. बाई त्याला आजवर माणसाचा संकोच समजत आल्या होत्या, त्यावर भाषणं ठोकत आल्या होत्या. ‘वाट बघते म्हणे!’ त्या स्वतःशीच पुटपुटल्या. पुरस्कार भिंतीवरून काढून ड्रॉवरमध्ये टाकावा असं त्यांच्या मनात आलं. मग वाटलं, राहू दे, अर्धा काकांचाही आहे. पण खरं दुखणं पुरस्काराचं नव्हतंच. ते हसू त्या स्टुलावर बसलेल्या प्रत्येकाने अगदी जवळून बघितलं होतं. न बघितलेल्या एकट्या बाईच होत्या.

आणि तिथेच त्यांना उपाय सापडला. ते हसू स्टुलावर बसल्यावर येत नव्हतं. ते स्टुलावरून दिसत होतं.

दवाखान्यात भरती व्हायच्या आदल्या दिवशी दुपारी बाईंनी दिवे उलटे फिरवले, काका उभे राहत त्या जागेवर उजेड टाकला, कॅमेरा मांडीवर घेतला आणि स्टुलावर जाऊन बसल्या. इतक्या वर्षांत त्या या स्टुलावर कधी बसल्या नव्हत्या. स्टूल त्यांना वाटलं त्यापेक्षा उंच होतं आणि हातांचं काय करावं ते कळत नव्हतं. समोर नुसताच ट्रायपॉड उभा होता. येणारी माणसं बिचारी घाबरतात ते उगीच नाही, असं त्यांच्या मनात आलं.

काकांना त्यांनी सरळच सांगितलं. लपवाछपवी केली नाही. म्हणाल्या, आज मी गिऱ्हाईक, तुम्ही तुमचं रोजचं काम करा. काकांनी रिफ्लेक्टर उचलला आणि नुसते उभे राहिले.

“बोला ना. लोकांना सांगता ते मला सांगा.”

“तुला नाही सांगता येणार.”

“का?”

“तुझ्याबद्दलच आहे ते.”

“मग तर सांगाच,” बाई म्हणाल्या. “उद्यानंतर तसं सांगता येईल की नाही, कुणास ठाऊक.”

हे त्यांच्या तोंडून निसटून गेलं. आठवडाभर दोघांनीही ते ओठांवर येऊ दिलं नव्हतं. काका थोडा वेळ रिफ्लेक्टरची कड चाचपत राहिले. मग सवयीने वाकले, बाईंच्या कानाशी आले आणि रिकाम्या ट्रायपॉडकडे डोळ्यांनी खूण करून हळूच म्हणाले, “बाईंच्या पायाकडे बघा. डावी चप्पल काढलीय ना? माणूस आवडला की काढतात त्या. त्यांना स्वतःला ठाऊक नाहीये. सांगू नका हं.”

बोलता बोलता काकांची नजर ट्रायपॉडवरून स्टुलाच्या पायाशी आली. तिथे बाईंची डावी चप्पल उलटी पडली होती आणि उघडा पाय फरशीवर टेकलेला होता. बाईंना त्याचा पत्ता नव्हता. काकांनी वर बघितलं आणि ते हसले.

बाईंनी बटण दाबलं. डोळे भरून आल्यामुळे कॅमेऱ्याच्या पडद्यावर काय उमटलं ते त्यांना लगेच दिसलं नाही. काकाच त्यांच्या खांद्यावरून वाकून बघत म्हणाले की नाकाखालची सावली जरा चुकलीय. बाई म्हणाल्या, चुकू द्या.

गाठ निघाली. ती वाईट नव्हती, डॉक्टरांनी म्हटल्याप्रमाणेच. पण शिरेलाही व्हायचं ते झालं. काकांच्या ओठांची उजवी बाजू खाली उतरली, आणि चहा पिताना रुमाल हाताशी ठेवावा लागू लागला. डॉक्टर म्हणाले की थोडंफार परत येईल, वेळ लागेल. मुलगी येऊन राहून गेली. जाताना बाबांचा तो फोटो फ्रेम करून घेऊन गेली.

काका स्टुडिओत यायला लागले. स्टुलावर उजेडासाठी बसण्यात काही अडचण नव्हती, तिथे हसायचं नव्हतंच. पण गिऱ्हाईक आलं की ते रिफ्लेक्टर एका स्टँडला अडकवून पडद्यामागच्या खुर्चीत जाऊन बसत. माझं तोंड बघून माणूस दचकतो, असं एकदाच म्हणाले. बाईंनी समजूत घातली नाही, कारण एकदा एक गिऱ्हाईक खरोखरच दचकलं होतं. तेव्हापासून बाईंचे फोटो नीटनेटके येत आणि त्यांत कुणीच नसे. गिऱ्हाइकं खूश होऊन पैसे देऊन जात. बाईंना ते फोटो बघवत नसत.

आणि चप्पलही निघत नव्हती. एकदा कळल्यावर बाईंचं सारखं तिकडेच लक्ष जाई, आणि पायाची बोटं चप्पल घट्ट धरून बसत.

एका सकाळी कोपऱ्यावरचा बेकरीवाला आला. मोठा आडवातिडवा माणूस, हातांच्या रेघांत पीठ बसलेलं, आणि स्टुलावर बसल्यावर शाळेत उशिरा आलेल्या पोरासारखा अवघडलेला. कॅमेऱ्यातून त्याच्याकडे बघता बघता बाईंना तो मनापासून आवडला. काका पडद्यामागे होते. खुर्ची दिसत नव्हती, त्यांचे पाय तेवढे दिसत होते.

बाईंनी डावी चप्पल काढली. आणि काढून ठेवली नाही, तर पायाने जोरात ढकलली. ती फरशीवरून घसरत गेली आणि पडद्याखाली काकांच्या पायांशी जाऊन थांबली.

पडद्यामागे काही हललं नाही. बाईंनी कॅमेऱ्यातून डोळा काढला नाही. बेकरीवाल्याला काय चाललंय ते कळेना, तो आपला ताठ बसून होता. मग चप्पल उचललेली दिसली. काका पडद्यामागून आले, चप्पल बाईंच्या पायाशी आणून ठेवली, स्टँडचा रिफ्लेक्टर सोडवला आणि आपल्या जागेवर जाऊन उभे राहिले.

त्यांना आता पुटपुटणं जमत नव्हतं. ओठ एका बाजूने मिटत नसल्यामुळे हवा निसटे आणि ‘प’ नीट उमटत नसे. समोरच्याला समजायचं तर मोठ्याने बोलावं लागे. त्यामुळे बेकरीवाल्याच्या कानाशी ते जे म्हणाले, ते बाईंनाही लख्ख ऐकू आलं.

“त्यांच्या फायाकडे बघा. चफ्फल काढलीय. माणूस आवडला की काढतात.”

बेकरीवाल्याने चपलेकडे बघितलं. त्याचे कान लाल झाले. “कोण, मी?” त्याने विचारलं.

काका बाईंकडे बघत होते.

“तुम्हीसुद्धा,” ते म्हणाले.

बाईंनी बटण दाबलं.